'पोलिसी खाक्या दाखवताच...' आणि आपलं मत

रंकाळ्याचा_वारा (धागाकर्ता)

परवा सकाळी मिरजकर तिकटीला चहा घेत पेपर वाचत होतो. बरोबर भाचा होता, नववीतला. आतल्या पानावर दुचाकी चोरणारी टोळी सापडल्याची बातमी होती आणि शेवटाकडं ते ठरलेलं वाक्य: 'सुरुवातीला त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली, मात्र पोलिसी खाक्या दाखवताच गुन्ह्याची कबुली दिली.'

भाच्यानं विचारलं, "मामा, खाक्या म्हणजे काय?"

म्हटलं, "दम देतात रे."

"मग 'दम दिल्यावर' असं का नाही लिहिलं?"

मला उत्तर सुचलं नाही. चहा संपवला आणि उठलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी स्वतः शाळेत असल्यापासून ते वाचत आलोय आणि त्यातला एक शब्दसुद्धा बदललेला नाही. खाक्या म्हणजे मारहाण, हे वार्ताहराला माहीत असतं, संपादकाला असतं, पोलिसांना असतं आणि वाचणाऱ्यालाही असतं. सरकारच्या ताब्यातल्या माणसाला सरकारच्याच माणसांनी मारलं, हे रोज छापून येतं आणि कुणाच्या घशात पोह्याचा घास अडकत नाही.

गंमत बघा. कबुलीसाठी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गंभीर इजा झाली तर दहा. म्हणजे त्या बातमीत दोन गुन्हे आहेत. एकात आरोपी सापडला. दुसऱ्याचा कबुलीजबाब आपण छापून घरोघरी टाकतो.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या कोल्हापूर महापालिकेची निवडणूक लागलीय. २०२० पासून प्रशासकच होता, त्यामुळं सगळे उपाशी असल्यासारखे सुटलेत. मतदानाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको. २०२४ च्या विधानसभेला राज्यात ६६ टक्के मतदान झालं, आपल्या करवीरला ८४ च्या वर. पण एवढ्या मतांतून आपण कधी कुणाला कोठडीत काय चालतं हे विचारलंय?

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ साली सही केली. पण करार लागू व्हायला जी पुढची मंजुरी लागते ती आजतागायत दिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक लोकसभेनं ६ मे २०१० ला मंजूर केलं (६ मे! शाहू महाराजांचा स्मृतिदिन. आपण शंभर सेकंद उभे राहतो तो), मग ते राज्यसभेच्या प्रवर समितीत गेलं आणि २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली तसं तेही गेलं. २०१७ ला विधी आयोगानं नवा मसुदा दिला, तोही पडून आहे. आधी एकांचं सरकार होतं, मग दुसऱ्यांचं. यावरून कुणाचं एक मत तरी इकडचं तिकडं झालं का?

तुमचं काय म्हणणं आहे, लिहा. पक्षांची धुणी इथं धुवू नका.

तांबडा_पांढरा

झालं सुरू. निवडणूक आली की मानवाधिकारवाल्यांना पालवी फुटते.

भावा, माझ्या आजीचं गंठण भर दुपारी देवळातून येताना ओढलं. दीड तोळ्याचं. मानेला जखम झाली, आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. दोन महिन्यांनी पोरगं सापडलं आणि खाक्या दाखवल्यावरच बोललं. सोनं परत मिळालं. आता त्याला काय तांबडा-पांढरा वाढून विचारायचं होतं, "बाळा, गंठण कुठं ठेवलंस?"

नाशिकच्या पोलिसांचे रील बघितलेस की नाही? 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणत हात जोडून उभे केले होते एकेकाला. लोकांनी डोक्यावर घेतलं. ही पण जनताच आहे आणि तिचं मत हेच आहे.

कट्ट्यावरचा

नाद खुळा रील होते ते 😄 वाचतोय.

गुजरीवाला

तांबडा_पांढरा, तुमच्या आजींचं ऐकून वाईट वाटलं. आता माझं ऐका. मी सराफ आहे, तिसरी पिढी.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संध्याकाळी पेढीसमोर जीप थांबली. ठाणं कुठलं ते सांगत नाही, आपल्या शहरातलंही नव्हतं. दोन साध्या वेशातले आणि मधे एक पोरगा, विशीचा. पेढीला तीन पायऱ्या आहेत. त्याला पहिलीच चढता येईना. पाय टेकला की तोंड वाकडं व्हायचं, म्हणून एकानं बखोट धरून वर ओढला. "याच पेढीवर विकलं म्हणतोय. तीन तोळे."

मी त्या पोराला जन्मात पाहिलं नव्हतं. वह्या काढल्या, पावत्या काढल्या. साहेब बघायला तयार नाहीत. मी पोरालाच विचारलं, "कधी आलतास? गल्ल्यावर कोण होतं?" तो माझ्याकडं बघतच नव्हता, वर बघत होता, पाटीकडं. मग माझ्या ध्यानात आलं. जीपमधून जी पाटी आधी वाचता आली ते नाव त्यानं घेतलं होतं. आमची पाटी मोठी आहे, वडिलांनी हौसेनं केलेली.

शेवटी काय केलं? वडील म्हणाले, देऊन टाक. चोरीचा माल घेतला म्हणून नाव लागलं तर पेढी बसते. आमच्या गल्ल्यातलं तीन तोळं सोनं लगड करून 'रिकव्हरी' म्हणून दिलं. पंचनामा झाला, सही झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, खाक्या दाखवताच कबुली, मुद्देमाल हस्तगत.

खरं सोनं ज्यानं घेतलं तो आजही मजेत असेल.

तांबडा_पांढरा

थांबा जरा. लगड म्हणजे?

गुजरीवाला

वितळवलेलं सोनं, पट्टीसारखं. दागिना मिळाला नाही की 'वितळवला' असं दाखवतात आणि वजनाइतकी लगड जप्त करतात. खरोखर वितळवलेलंही असतं बऱ्याचदा, सगळं खोटं असतं असं नाही.

काळा_कोट

गुजरीवाल्यांनी सांगितलं त्यामागं कायद्याची एक खाच आहे, ती समजून घेतली पाहिजे.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. हे इंग्रजांनीच करून ठेवलंय, कारण आपल्या पोलिसांवर त्यांचाही भरवसा नव्हता. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५-२६ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २३. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे, जुन्या लोकांच्या भाषेत 'सत्तावीस'. आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं ग्राह्य. म्हणजे कबुलीला किंमत नाही, पण 'रिकव्हरी'ला आहे. मग सगळा जोर कुठं लागणार? वस्तू काढण्यावर. वस्तू नसेल तर ती कुठून तरी आणण्यावर. गुजरीवाल्यांच्या पायरीवर त्या दिवशी 'सत्तावीस' उभं होतं.

मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला तर अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुलीसुद्धा चालते, १९९९ पासून.

आणि 'कायदा करा' म्हणून सुप्रीम कोर्टात जाऊन झालंय. त्याच राज्यसभा समितीचे अध्यक्ष राहिलेले अश्वनी कुमार गेले होते. २०१९ ला कोर्टानं याचिका फेटाळली: कायदा करा असं आम्ही संसदेला सांगू शकत नाही. म्हणजे चेंडू परत संसदेकडं, तिथून तिथं माणसं पाठवणाऱ्यांकडं. धागाकर्ता म्हणतो ते या अर्थानं बरोबर आहे. कोर्टातला रस्ता एका मर्यादेपर्यंतच जातो.

तरी कोर्टानं काहीच केलं नाही असं नाही. अटक करताना घरच्यांना कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा, हे जे नियम आज ठाण्याच्या भिंतीवर लावलेले दिसतात, ते डी. के. बसू खटल्यातले, डिसेंबर १९९६ चे. तो खटला सुरू कसा झाला माहितीय? १९८६ साली बसूंनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सोबत कोठडीतल्या मृत्यूंच्या पेपरातल्या बातम्या. त्या पत्रालाच याचिका मानलं. तुमच्या भाच्यासारखंच कुणीतरी पेपर नीट वाचला होता.

कट्ट्यावरचा

वकीलसाहेब, पण सीसीटीव्ही लावलेत की आता सगळ्या ठाण्यांत.

काळा_कोट

लावायचा आदेश आहे, डिसेंबर २०२० चा, कोठडी आणि व्हरांड्यासकट. चित्रण १८ महिने ठेवायचं. आता प्रकरण झाल्यावर फुटेज मागून बघा. कधी कॅमेरा बंद, कधी डीव्हीआर दुरुस्तीला. आमच्या बाररूममध्ये यावर विनोद आहेत, इथं लिहिण्यासारखे नाहीत.

बिल्ला_नंबर_विसरलो

मी खात्यात ३१ वर्षं काढली. हवालदार म्हणून निवृत्त झालो. हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू का नको करत होतो.

मी मारलंय. खोटं कशाला बोलू. पट्टा असतो, त्याला बाजीराव म्हणतात. तळपायावर मारायचं, म्हणजे वळ दिसत नाहीत आणि माणूस चालत कोर्टात जातो. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, सिनियर माणसाकडून बघून येतं.

का मारतात ते सांगतो. महिन्याला क्राइम मीटिंग असते. किती दाखल, किती उघड, किती मुद्देमाल. साहेब सगळ्यांसमोर उभं करून विचारतात. एका तपास अंमलदाराकडं पन्नास कागद, वर बंदोबस्त, मोर्चा, गणपती, यात्रा. मोबाईल लोकेशन काढा, बोटांचे ठसे जुळवा, माणसं पेरा, याला वेळ लागतो. पट्ट्याला अर्धा तास लागतो. म्हणून तो वापरतात. राग वगैरे नंतरची गोष्ट.

आणि आता तुम्हा मतदारांचं. पोरं उचलून आणली की पहिल्या तासात फोन सुरू होतात. माजी नगरसेवक, आजी नगरसेवक, आमदारांचा पीए, तालमीचा अध्यक्ष. "आपला माणूस आहे, हात लावू नका." ज्याच्यासाठी फोन येतो तो ठाणे अंमलदाराच्या समोरच्या बाकड्यावर बसतो, त्याला चहा मिळतो. ज्याच्यासाठी येत नाही तो आत जातो. माझ्या ३१ वर्षांत आत कोण गेलं ते मोजलं तर बांधकामावरची पोरं, पालावरची माणसं, परराज्यातले कामगार.

उलटे फोनही येतात बरं. "साहेब, त्याला जरा चांगला धुवा." तोच नेता, दुसऱ्या दिवशी. फिर्यादीसुद्धा म्हणतो, "अजून हात कसा नाही लावला?" हात लावला नाही म्हणून माझ्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप झालाय, दोनदा.

२०१७ ला शेजारी सांगलीत पोरगा कोठडीत मेला, प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं आणि पळून गेला म्हणून दाखवलं. तेव्हा मी नोकरीत होतो. आठ दिवस आमच्या ठाण्यात कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नव्हतं. नवव्या दिवशी क्राइम मीटिंग होती.

ड्युटी_रात्रीची

बिल्लादादा, लिहिलंत ते बरं केलंत.

मी सरकारी दवाखान्यात आहे, कुठल्या ते जाऊ दे. अटकेतल्या माणसाला मेडिकलला आणतात, त्याचं सांगतो. कागदावर लिहायचं असतं, अंगावर ताज्या जखमा आहेत का, मारहाणीची तक्रार आहे का. पोलीस दोन हातांवर उभा. डॉक्टर कागदात बघून विचारतात, "काही त्रास?" माणूस म्हणतो, "नाही." 'तक्रार नाही' लिहून शिक्का. दोन मिनिटं लागतात. बाहेर रांग असते.

एकदा एक पोरगं टाचांवर चालत आलं. चप्पल नव्हती पायात. नवीन डॉक्टर होत्या, त्यांनी पोलिसाला दाराबाहेर थांबायला सांगितलं. तो कुरकुरला पण थांबला. मग त्यांनी दार लोटून विचारलं, आता सांग. पोरगं म्हणालं, "नाही मॅडम, काही नाही." मी म्हटलं, अरे आता कुणी नाही, बोल. तर म्हणतंय, "परत तिकडंच जायचंय की मला."

डॉक्टरांनी तळपायाची सूज तेवढी लिहिली. कारण 'अज्ञात'.

कट्ट्यावरचा

दादा, मग तुम्ही वरिष्ठांकडं तक्रार का केली नाही?

ड्युटी_रात्रीची

ताई आहे मी 🙂 कोल्हापूरच्या बायका 'आलो-गेलो'च म्हणतात, विसरलास काय?

आणि तक्रार केली नाही. भ्यालो. झालं समाधान?

पापाची_तिकटी_ते_न्यूजर्सी

इकडचं थोडं लिहितो. अमेरिकेनं ११ सप्टेंबरनंतर जे केलं त्याला 'छळ' म्हणायचं नाही म्हणून सरकारनं नवा शब्दच काढला होता, 'वाढीव चौकशी पद्धती', आणि सरकारी वकिलांनी तो कायद्यात बसवून दिला. आपल्या 'खाक्या'चाच सख्खा भाऊ. तोंडावर फडकं टाकून पाणी ओतायचं, दिवसेंदिवस झोपू द्यायचं नाही, पेटीत कोंडायचं.

मारून काय निघतं त्याचं उदाहरण. अल-लिबी नावाचा एक माणूस अमेरिकेनं इजिप्तकडं दिला. तिथं मार खाऊन त्यानं सांगितलं की इराक अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण देतंय. ते फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत जगाला सांगितलं. पुढच्या महिन्यात युद्ध. नंतर लिबी म्हणाला, मार थांबावा म्हणून बोललो. गुजरीवाल्यांची पाटी आणि हे, एकच गोष्ट. तिथं तीन तोळं गेलं, इथं देश.

आता मताचं. एप्रिल २००४ मध्ये इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगातले, अमेरिकी शिपायांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो आले. नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. तेच सरकार परत निवडून आलं. खालचे शिपाई तुरुंगात गेले. वरच्या मंत्र्यांवर, त्या पद्धती कायद्यात बसवणाऱ्या वकिलांवर खटला झाला नाही. मी तेव्हा व्हिसावर होतो, मत नव्हतं, ऑफिसात सगळे हळहळत होते आणि तितकेच शांतपणे मतं देऊन आले. पण २००९ मध्ये नवीन अध्यक्षांनी दोनच दिवसांत आदेश काढून त्या पद्धती बंद केल्या. २०१४ ला सिनेटच्या समितीनं अहवाल काढला की या सगळ्यातून उपयोगाची माहिती मिळाली नाही. २०१५ ला इथल्या संसदेनं कायदा केला, दोन्ही पक्षांची मतं घेऊन. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी सिनेटर मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी असताना छळ सोसलेले होते. म्हणजे मतानं फरक पडतो, पण उशिरा आणि ज्याच्यावर गुदरलंय असा कुणी आत बसला असेल तर लवकर.

(कोल्हापुरात थंडी पडली का? इथं बर्फ आहे आणि कटाची आमटी आठवतेय.)

कट्ट्यावरचा

पडलीय की. या.

जुना_दफ्तरखाना

कोल्हापूरचा धागा आणि कोल्हापूरच्या सर्वांत मोठ्या कोठडीतल्या मृत्यूचा कुणी उल्लेखच केला नाही, म्हणून लिहितो.

चौथे शिवाजी महाराज. शाहू महाराजांच्या आधीचे छत्रपती. वेड लागलंय असं ठरवून इंग्रजांनी त्यांना गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात ठेवलं. त्यांना वाईट वागणूक मिळते, असं 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं, कारभारी बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. ज्या पत्रांवर विसंबून लिहिलं ती बनावट ठरली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीपायी चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले दोघांनी. पत्रं खोटी होती, हे मान्य. पण पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट होऊन महाराज वारले. वय विशीचं. छत्रपतींची ही गत, तर फोन नसलेल्या पोराची काय सांगावी.

१८८४ मध्ये दत्तक आले ते शाहू महाराज. माझा तर्क आहे, पुरावा नाही, की त्या मृत्यूची सावली त्यांच्या मनावर कुठंतरी असणार. कारण १९१८ साली त्यांनी संस्थानातली 'हजेरी' बंद केली. काही जाती जन्मानंच गुन्हेगार, असं मानून त्यांतल्या माणसांना गावकामगाराकडं रोज हजेरी द्यावी लागायची. ती काढली. फासेपारध्यांना कामं दिली. इंग्रजांच्या मुलखात १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून स्वातंत्र्यानंतर, १९५२ ला गेला. आपल्याकडं ३४ वर्षं आधी सुरुवात झाली होती आणि तेव्हा कुणाला मत द्यायचा प्रश्नच नव्हता.

बिल्लांनी 'पालावरची माणसं' लिहिलं, ते वाचून हे आठवलं. डिसेंबर २०२४ ला परभणीत कायद्याचा विद्यार्थी अटकेत असताना वारला, तोही वडार समाजातला. गुन्हा नोंदवा, हे हायकोर्टाला सांगावं लागलं, २०२५ च्या जुलैत.

कट्ट्यावरचा

इतिहास भारी. पण एक सांगा, पोलीस राज्याचे, कायदा दिल्लीचा. नगरसेवकाला विचारून काय होणार? तो गटारीचं बघणार की कोठडीचं? मत देऊन काय होतंय म्हणा.

संपादक_मंडळ

मधले पाच प्रतिसाद काढले आहेत. दोन विशिष्ट पक्षांवर, दोन विशिष्ट समाजावर, एक मिसळीच्या जाहिरातीचा. विषयाला धरून लिहा.

तांबडा_पांढरा

परत आलो. मला कुणाची बाजू घ्यायची नाही.

घरी विचारलं. आजीला कोर्टातून सोडवून मिळालं ते गंठण नव्हतं. लगड होती. वाट्या नाहीत, काळे मणी नाहीत, पिवळी पट्टी. मी तेव्हा अकरावीत, मला 'सोनं मिळालं' एवढंच आठवत होतं. आईनं सांगितलं की आजीनं ती हातात घेतली, दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाली, "हे माझं कशावरून?" तिनं ती कधी मोडली नाही, की दुसरा दागिना घडवला नाही. ट्रंकेत आहे अजून.

गुजरीवाले, तुमचं साल कुठलं?

गुजरीवाला

भावा, तीन तोळ्याची होती आमची आणि ठाणंही लांबचं. तुमची नसेल.

कुणाचीतरी असेलच असंही नाही.

तांबडा_पांढरा

चोराला सोडा असं मी अजूनही म्हणत नाही. पण बदलापूरच्या आरोपीला २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीतच गोळी लागली तेव्हा 'बदला पुरा'चे फलक मी स्टेटसला ठेवले होते. २०२५ च्या जानेवारीत दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तेव्हा काही ठेवलं नाही. मधे मतदान होऊन गेलं होतं. एवढंच.

काळा_कोट

कट्ट्यावरचा यांना उत्तर. नगरसेवकाच्या हातात काही नाही, हे बरोबर. आमदाराच्या आहे: गृहखात्याचं बजेट, तपासाची माणसं वेगळी आणि बंदोबस्ताची वेगळी करणं, पोलीस तक्रार प्राधिकरणाला माणसं आणि दात देणं (२००६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आपल्या राज्यानं २०१४ ला कायदा केला). खासदाराच्या हातात छळविरोधी कायदा. ऑक्टोबर १९९७ च्या आसपास जन्मलेली पोरं आज वकिली करतात माझ्याकडं, सही तेव्हाची आहे. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सीपीआर दवाखान्यासमोर आलंय, त्यासाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षं उपोषणं, मोर्चे केले आणि प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला त्यावर बोलायला लावलं. बोलायला लावलं की हलतं. कोठडीबद्दल कुणी बोलायला लावत नाही, कारण तिथं आपलं कुणी नसतं.

बिल्ला_नंबर_विसरलो

वकीलसाहेब, आमदार-खासदार ठीक. पण फोन नगरसेवकाचाच येतो.

रंकाळ्याचा_वारा

बिल्लांच्या याच वाक्यावरून काल एक उद्योग करून आलो.

आमच्या पेठेत तालमीसमोर कोपरा सभा होती. खुर्च्या शंभर, माणसं साठ, वडापाव दीडशे. गटार, पाणी, घरफाळा, पार्किंग, रंकाळ्यातलं सांडपाणी झालं. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर मी हात वर केला. भाचा शेजारी होता, त्याच्यामुळं थोडं बळ.

विचारलं, "ठाण्यात कुणाला मारू नये म्हणून तुम्ही फोन करता. मग ज्याच्यासाठी कुणी फोन करत नाही त्यालाही मारू नये, असं तुम्ही जाहीर सांगाल का? लेखी द्याल का?"

माईक थोडा खरखरला. मागं कुणीतरी हसलं. उमेदवार माणूस तसा भला, माझ्या ओळखीचा, वाकून अगदी काळजीनं म्हणाला, "काय झालं दादा? घरातल्या कुणाला उचललंय का?"

म्हटलं, "नाही."

"मग?"

गुजरीवाला

आणि मग?

रंकाळ्याचा_वारा

मग काय. सभा संपल्यावर स्वतः जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि कार्ड दिलं. म्हणाले, रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा, एका मिनिटात सोडवतो.

भाच्यानं कार्ड मागून घेतलं. नंबर त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह केलाय.